टेलला पाणी पोचत नाही हो!

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. परवा लग्नात मावशीने विचारलं, "तू नक्की काय करतोस रे?" म्हटलं, मोठ्या इमारतींच्या एसीचं काम. "मग त्या ऑफिसांत निम्म्या बायका शाली पांघरून आणि निम्म्या घामाघूम, असं का?" मंडळी, एवढा नेमका प्रश्न मला आजवर एकाही क्लायंटने विचारलेला नाही.

मोठ्या ऑफिसात चिलर साधारण ७ अंशांचं पाणी देतो, पंप ते मजल्यामजल्यावर फिरवतो आणि हवा गार करून ते १२च्या आसपास परत येतं. पण पाण्याला सोपी वाट प्यारी. पंपाजवळच्या मजल्याला नको तितकं, टोकाच्या मजल्याला जेमतेम. कालव्याच्या हेडला ऊस आणि टेलला ढेकळं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

यावर उपाय जुनाच आहे. प्रत्येक फाट्यावर बॅलन्सिंग व्हॉल्व्ह असतो. गाळण्या साफ करायच्या, व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजून प्रवाह काढायचा, सगळ्यात उपाशी फाट्याच्या प्रमाणात बाकीचे आवळत आणायचे आणि शेवटी पंप कमी करायचा. शिडीवर चढून, फॉल्स सीलिंगमध्ये डोकं घालून करायचं काम. दिवस लागतात. आणि ते येतं प्रोजेक्टच्या शेवटच्या आठवड्यात, उद्घाटनाची पत्रिका छापून झाल्यावर!

मग रिपोर्ट टेबलावर बसून भरला जातो. डिझाइनचे आकडे, दोन-तीन टक्के इकडेतिकडे. खोटं कशाला बोलू, पहिल्या नोकरीत असा एक मीही भरलाय. सही माझी. उन्हाळ्यात वरचा मजला तापला तेव्हा शिव्या मात्र प्लांटवरच्या ऑपरेटरने खाल्ल्या. तो बिचारा काय करणार? त्याने दुसरा पंप चालू केला.

हीच ती सरसकट चूक. पाणी २० टक्के वाढवायला पंपाची वीज सुमारे ७३ टक्के जास्त लागते, कारण ती प्रवाहाच्या घनाने वाढते. आणि कॉइलला दुप्पट पाणी दिलं म्हणून दुप्पट गारवा मिळत नाही, थोडासाच वाढतो. बाकीचं पाणी तसंच थंड परत येतं. म्हणजे टेलची तहान भागवायला आपण हेडला पूर आणतो. शाली तिथल्या!

"आता दाब आपोआप सांभाळणारे व्हॉल्व्ह आलेत, बॅलन्सिंग कशाला?" असं कुणीतरी कॉमेंटमध्ये म्हणणारच. अहो, त्यांनाही किती पाणी सोडायचं ते कुणीतरी नीट लावावं लागतं. आणि गाळणी तुंबली तर महागडा व्हॉल्व्हसुद्धा काय करणार?

म्हणून एकच मागणं. इमारत ताब्यात घेताना जाड रिपोर्टवर भुलू नका. त्यातले कुठलेही पाच व्हॉल्व्ह तुम्ही निवडा, त्यात टोकाचा एक हवाच, आणि डोळ्यांदेखत मोजायला लावा. जमत नाही म्हणाले तर शेवटचा हप्ता थांबवा.

माझ्या त्या सहीच्या वेळी कुणी असं केलं असतं, तर मी पकडला गेलो असतो. बरं झालं असतं.

असो. मावशी, उत्तर मिळालं ना?