वही पुजायची आणि वाचायचीही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे दुकानांत, पेढ्यांवर आणि छोट्या-मोठ्या कारखान्यांच्या कचेऱ्यांत नव्या वह्यांची पूजा होते. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते, 'श्री' लिहिला जातो, अक्षता आणि झेंडूची फुले वाहिली जातात. कीर्द-खतावणीची जागा आता संगणकाने घेतली असली, तरी अनेक ठिकाणी संगणकालाच गंध-फूल वाहून हा संस्कार जपला जातो. ज्या साधनावर उपजीविका चालते, त्याविषयी कृतज्ञ राहण्याची ही रीत निश्चितच चांगली आहे. प्रश्न आहे तो दुसऱ्या दिवसापासूनचा. ती वही कारकुनाच्या आणि करसल्लागाराच्या हाती जाते, आणि मालक तिच्याकडे पुन्हा वळतो ते विवरणपत्राची मुदत जवळ आल्यावरच. वही पुजली जाते, परंतु वाचली जात नाही.

मराठी माणूस व्यवसायात मागे का, या विषयावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली आहे. भांडवलाचा अभाव, नोकरीची ओढ, धाडसाची कमतरता ही कारणे आपण वर्षानुवर्षे उगाळत आलो आहोत. परंतु गेल्या दोन पिढ्यांत हजारो मराठी तरुणांनी धाडस केले, कर्जे काढली, औद्योगिक वसाहतींत शेड घेतल्या. त्यांतील अनेक उद्योग भरपूर मागणी असतानाच बंद पडले. धाडसाच्या अभावाने याचा उलगडा होत नाही. आपण काय करत आहोत आणि त्याचा परिणाम कोठे होत आहे, हे वेळेवर न कळणे हे त्याचे एक मोठे कारण आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एक साधे गणित मांडून पाहू. एका कारखानदाराची महिन्याची विक्री १० लाख रुपयांची आहे. त्यासाठी ९ लाख खर्च होतो, म्हणजे १ लाख नफा उरतो. कच्चा माल आणि तयार माल मिळून एक महिन्याचा साठा पडून असतो. ग्राहक तीन महिन्यांनी पैसे देतो. स्वतःची देणी मात्र त्याला सरासरीने एका महिन्यात चुकवावी लागतात. म्हणजे साठ्याचा एक आणि उधारीचे तीन अशा चार महिन्यांतून देण्यांचा एक महिना वजा केला, तर तीन महिन्यांचा खर्च, २७ लाख रुपये, कायम अडकलेला राहतो. आता एका मोठ्या कंपनीकडून काम मिळाले आणि विक्री दुप्पट झाली. घरात पेढे वाटले गेले. परंतु अडकणारी रक्कम आता ५४ लाखांवर जाणार आहे. हे जादा २७ लाख आणायचे कोठून? दुप्पट विक्रीवरचा महिन्याला २ लाख रुपयांचा संपूर्ण नफा बाजूला ठेवला, तरी ते जमायला तेरा महिन्यांहून अधिक काळ लागेल. पुरवठादार आणि कामगार तेरा महिने थांबत नाहीत. वहीत नफा दिसत असताना तिजोरी रिकामी होते ती अशी, आणि मग 'धंदा चांगला चालला होता, नशिबाने दगा दिला' असे म्हटले जाते.

येथे दगा नशिबाने दिलेला नाही. विक्री, साठा, उधारी आणि रोकड ही चार खाती वेगवेगळी नसून एकाच देहाचे अवयव आहेत, हे लक्षात न आल्याचा तो परिणाम आहे. पोटाला दिलेल्या औषधाचा परिणाम डोक्यावर होऊ शकतो, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. व्यवसायाच्या बाबतीत मात्र विक्री पाहणारा विक्रीच पाहतो, खरेदी पाहणारा खरेदीच पाहतो, आणि ज्याने सर्व पाहायचे तो मालक दिवसभर गिऱ्हाइकांचे दूरध्वनी घेण्यात गुंतलेला असतो.

दोष बाहेर शोधण्याची सवय केवळ आपलीच नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९५०च्या दशकात जे फॉरेस्टर या अभियंत्यासमोर जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या अधिकाऱ्यांनी एक कोडे मांडले. केंटकी राज्यातील त्यांच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यात काही वर्षे कामगार रात्रंदिवस कामाला जुंपावे लागत आणि पुढे काही वर्षांनी त्यांतील अनेकांना घरी पाठवावे लागे. हा बाजारातील तेजी-मंदीचा खेळ आहे, अशी अधिकाऱ्यांची समजूत होती. फॉरेस्टर यांनी मागणी, साठा आणि कामगारभरती यांविषयीचे कंपनीचे नियम कागदावर मांडले आणि आठवड्यामागून आठवडा आकडेमोड केली. बाहेरची मागणी स्थिर धरली, तरी कंपनीच्या स्वतःच्या निर्णयांमुळेच हे हेलकावे निर्माण होऊ शकतात, असे त्यातून दिसले. माहिती उशिरा पोहोचत होती, त्यामुळे निर्णय उशिरा होत होते आणि उशिरा झालेला निर्णय गरजेपेक्षा मोठा होत होता. या विचारावर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला आणि उद्योगाकडे एक व्यवस्था म्हणून पाहण्याच्या शास्त्राला त्यातून चालना मिळाली.

उशिराचे शहाणपण

आपल्याकडील उशिराचे मोजमापही करून पाहावे. आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते. लेखापरीक्षण होऊन ताळेबंद हाती येतो तो बहुधा सप्टेंबरच्या सुमारास. म्हणजे वर्षारंभी, एप्रिलमध्ये, तोट्यात विकलेल्या मालाचा पत्ता मालकाला सतरा महिन्यांनी लागतो. तोपर्यंत त्याच भावाने तोच माल सतरा वेळा विकून झालेला असतो. गेल्या वर्षीचे पंचांग उघडून यंदाच्या कार्याचा मुहूर्त काढण्यासारखाच हा प्रकार आहे. यात करसल्लागाराचा दोष नाही. त्याने सरकारला हवी असलेली माहिती सरकारला हवी तेव्हा तयार करून दिली. मालकाला हवी असलेली माहिती कोणी तयार करायची, हे मात्र मालकाने कधी ठरवलेलेच नसते.

माहिती वेळेवर मिळूनही भागत नाही. जो निर्णय घेणार, त्याच्यापर्यंत ती जावी लागते. याचे बोलके उदाहरण भ्रमणध्वनीच्या उद्योगात घडले. १७ मार्च २००० रोजी अमेरिकेतील अल्बुकर्की येथे वीज कोसळल्यामुळे फिलिप्स कंपनीच्या चिप बनविणाऱ्या कारखान्यात छोटी आग लागली. ती काही मिनिटांतच विझली, पण धूर आणि पाण्यामुळे धूलिकणरहित ठेवलेले कक्ष निकामी झाले. नोकिया आणि एरिक्सन ही या कारखान्याची दोन मोठी गिऱ्हाइके. आठवडाभराचा विलंब होईल, असा निरोप दोघांनाही मिळाला. नोकियात तो निरोप लगेच वरपर्यंत गेला, रोज विचारपूस सुरू झाली, अडचण आठवड्याची नसून महिन्यांची आहे हे उमगताच अन्यत्र चिप मिळवण्यासाठी पथके धावली. एरिक्सनमध्ये तोच निरोप खालच्या स्तरावर पडून राहिला. वरिष्ठांना त्याचे गांभीर्य कळले, तेव्हा पर्यायी पुरवठादारांकडे वाव उरला नव्हता आणि स्वतःचा दुसरा पुरवठादार कंपनीने ठेवलेला नव्हता. एरिक्सनची सुमारे ४० कोटी डॉलरची विक्री बुडाली. पुढील वर्षी, २००१ मध्ये, तिने आपला भ्रमणध्वनी व्यवसाय सोनीबरोबर संयुक्त कंपनीत नेला.

आग एकच होती आणि निरोपही एकच होता. फरक पडला तो वाईट बातमी वर नेणाऱ्याला घरात काय वागणूक मिळते, यामुळे. अर्थात, हे शहाणपण एकदा मिळवले की जन्मभर पुरते असेही नाही. स्मार्टफोनच्या युगात नोकियालाही बदलत्या बाजाराची चाहूल घेऊन वेळीच पाऊल उचलता आले नाही आणि २०१४ मध्ये तिचा भ्रमणध्वनी व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला.

आपल्या छोट्या उद्योगांत काय घडते? माल परत आला, गिऱ्हाईक नाराज झाले, यंत्र कुरकुरते आहे, या गोष्टी कामगाराला पहिल्या दिवशी ठाऊक असतात. परंतु सांगणाऱ्यावरच साहेब भडकतात, म्हणून कोणी सांगत नाही. मालकाचा धाक ही शिस्तीची खूण समजली जाते. वस्तुतः धाकाने सर्वांत आधी बंद होते ती मालकाकडे येणारी बातमी.

संगणक आला, दुवा राहिला

यावर उपाय म्हणून लोक संगणक घेतात. तो अवश्य घ्यावा. पण संगणक हे साधन आहे, व्यवस्था नव्हे. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेतील घोटाळा उघडकीस आला, तेव्हा हे देशाने पाहिले. मुंबईतील एका शाखेतून 'लेटर ऑफ अंडरटेकिंग' या नावाची हमीपत्रे परदेशी व्यवहारांसाठी दिली जात होती. त्यांचे संदेश 'स्विफ्ट' या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून जात, मात्र त्यांची नोंद बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत होत नव्हती, कारण दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. घोटाळ्याचा आकडा पुढे १३ हजार कोटी रुपयांच्या वर गेला. दोन्ही यंत्रणा आधुनिक होत्या. त्यांना जोडणारा दुवा माणसाच्या हाती होता, आणि त्या माणसाचे काम ताडून पाहणारा कोणी नव्हता. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१६ पासून या धोक्याविषयी बँकांना पुनःपुन्हा सावध केले होते. म्हणजे सूचना होती, पण ती कृतीत उतरली नाही.

या संदर्भात शिवकालीन कारभाराची आठवण होणे अपरिहार्य आहे. गड एकट्याच्या हाती नसे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे अधिकारी मिळून त्याचा कारभार पाहत, आणि कोठारातील धान्य-सामग्रीसाठी कारखानीस असे. पहारा एकाकडे, हजेरी व हिशेब दुसऱ्याकडे, साठा तिसऱ्याकडे. त्यामुळे एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीने ताडली जाई. अष्टप्रधानांकडे पाहिले, तरी अमात्याकडे जमाखर्च, सचिवाकडे पत्रव्यवहार आणि मंत्र्याकडे दैनंदिन घडामोडींची नोंद, म्हणजे आठांपैकी तीन पदे मुख्यतः माहितीशी निगडित होती. इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्या आपण या बाजूचाही अभ्यास करायला हवा. तलवारीइतकीच दौत-लेखणीही राज्य राखते.

'आमचे वडील बोटांवर हिशेब करून धंदा चालवत, त्यांना कोठे हे शास्त्र ठाऊक होते?' असा आक्षेप यावर घेतला जाईल. आक्षेपात तथ्य आहे. अनुभवी दुकानदाराची नजर हीच एक माहितीव्यवस्था असते. तो गल्ल्यावर बसतो, गिऱ्हाइकाचा चेहरा पाहतो, फळीवरची कोणती बरणी हलत नाही हे त्याला न मोजता कळते. पण ही नजर एका छपराखालीच पुरते. दुसरे दुकान निघाले, मुलाने कारखान्याचा दुसरा विभाग सुरू केला, की तीच नजर अपुरी पडते. आणि वडिलांच्या डोक्यातील माहिती वडिलांबरोबरच जाते. दुसऱ्या पिढीत व्यवसाय का ढासळतात, याचे एक उत्तर येथे आहे. वारशात दुकान मिळते, नजर मिळत नाही. ती उतरवून ठेवावी लागते.

आरंभ कोठून?

यासाठी महागड्या सल्लागाराची गरज नाही. दर शनिवारी पाच आकडे एका कागदावर लिहावेत : हाती असलेली रोकड, येणे आणि त्यांतील ४५ दिवसांहून जुनी रक्कम, देणे, शिल्लक साठा, आणि परत आलेला किंवा नाकारला गेलेला माल. ४५ दिवस यासाठी की, सूक्ष्म व लघू उद्योगांच्या मालाचे पैसे जास्तीत जास्त तेवढ्या मुदतीत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो आणि विलंबावर व्याजाचा हक्कही देतो. परंतु कोणते बिल किती दिवसांचे झाले हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला कायद्याचा काय उपयोग? आकडे लिहून झाल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारावा : या आकड्यांमुळे पुढच्या आठवड्यात मी कोणती गोष्ट वेगळी करणार आहे? ज्या आकड्याने कोणताच निर्णय बदलत नाही, तो गोळा करण्याचे कष्ट खुशाल वाचवावेत.

याचा आदर्श पाहायचा असेल, तर गावातील महिला बचत गटाच्या बैठकीत जाऊन बसावे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब ही त्यांची पंचसूत्री. चांगल्या गटात वही बैठकीतच, सर्वांसमोर लिहिली आणि वाचली जाते. कोणाचा हप्ता थकला हे त्याच दिवशी सर्वांना कळते, आणि पुढचे कर्ज कोणाला द्यायचे हा निर्णय त्याच वहीवरून तेथेच होतो. ज्यांतील काही जणी आयुष्यात प्रथमच सही करायला शिकल्या, त्या भगिनींनी हे साधले आहे. ज्या गोष्टीत मोठ्या बँका चुकल्या, ती येथे दहा-पंधरा जणींच्या सतरंजीवर सहज घडते.

मध्यमवर्गीय कुटुंबांनाही हे लागू आहे. व्यवसाय करणाऱ्या घरात पत्नीला आणि मोठ्या मुलांना खरी स्थिती बहुधा ठाऊक नसते. कर्ज कळते ते बँकेची नोटीस दारावर लागल्यावर. काळजी वाटू नये म्हणून लपवलेली माहिती अखेर सर्वांनाच काळजीत टाकते. घर हीसुद्धा एक व्यवस्थाच आहे.

येत्या लक्ष्मीपूजनाला नवी वही अवश्य पुजावी. फक्त तत्पूर्वी, घरातील सर्वांना आणि शक्य तर दोन जुन्या विश्वासू कामगारांना सोबत घेऊन, गेल्या वर्षीची वही तासभर मोठ्याने वाचावी. कोठे चुकलो, कोठे उशीर झाला, कोणी सांगितले होते आणि आपण ऐकले नाही, हे त्या तासात कळेल. त्यानंतर काढलेल्या स्वस्तिकाला वेगळाच अर्थ येईल.