शिक्षा कधीं संपते?

काळ्या पाण्याची शिक्षा म्हटली म्हणजे आमच्या वाचकांस अंदमान आठवतें. परंतु इंग्लंडनें स्वतःचे अपराधीही एके काळीं असेच समुद्रापार धाडले व त्यांकरितां ऑस्ट्रेलियांत वसाहत उभारली. त्यांपैकीं एका मुलीची हकीकत आज सांगावयाची आहे. घरांतील वडीलधाऱ्यांनीं ती विशेषेंकरून वाचावी.

मेरी हेडॉक ही १७७७ सालीं लँकेशायर परगण्यांत जन्मली. मुलाचा वेष घेऊन व 'जेम्स बरो' असें नांव सांगून फिरत असतां ती घोड्याच्या चोरीबद्दल पकडली गेली. १७९० सालीं स्टॅफर्ड येथें तिला सात वर्षें हद्दपारीची शिक्षा झाली. वय अवघें तेरा! १७९२ सालीं ती सिडनीस उतरली व एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरीं मुलें सांभाळूं लागली. दोन वर्षांनीं ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींतील टॉमस रेबी याच्याशीं तिचा विवाह झाला. हॉक्सबरी नदीकाठची शेती, गलबतें, धान्याचा व्यापार असा व्याप वाढत गेला. १८११ सालीं टॉमस वारला. पदरीं सात मुलें! मेरीनें सर्व व्यवहार स्वतः चालविला, नव्हे वाढविला. १८१७ सालीं न्यू साउथ वेल्सची बँक प्रथम उघडली ती तिच्या घरांत. १८२० पर्यंत सुमारें एक हजार एकर जमीन तिच्या नांवें झाली होती. ती भूमि मुळांत तेथील आदिवासींची, व सरकारनें त्यांस न विचारतां वांटलेली, हेंही नमूद केलें पाहिजे.

१८२० सालीं मुलींसह ती इंग्लंडास गेली व पुढच्या वर्षीं परत आली. पुढें १८२८ च्या खानेसुमारींत तिनें स्वतःविषयीं सांगितलें तें असें, कीं आपण १८२१ सालीं स्वतंत्रपणें आलों. शब्द खोटा नव्हता. पण तें धर्मराजाच्या मुखांतील अर्धसत्याच्याच जातीचें. शिक्षेची मुदत संपून सुमारें तीस वर्षें लोटलीं होतीं, हातीं संपत्ति होती, तरी तेरा वर्षांच्या त्या पोरीस लपवावें लागलें!

येथें आम्हांस आमचा एक विद्यार्थी आठवतो. त्यानें सोबत्याच्या पेटींतून फीचे पैसे घेतले. आम्हीं त्यास सर्व वर्गासमक्ष उभें केलें, व पुढें कित्येक दिवस 'पेटी सांभाळा रे' असें म्हणून मुलांस हंसविलें. एके दिवशीं तो शाळेंत येईनासा झाला. छडीचा वळ चार दिवसांत गेला असेल. आमचा तो विनोद गेला नसावा.

मेरी १८५५ सालीं निवर्तली. १९९४ पासून ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरांच्या नोटेवर तिची मुद्रा आहे, आणि तिची शिक्षा कोणी लपवीत नाहीं. म्हणून चोरी क्षम्य ठरते असें नव्हे. मुलाच्या हातून अपराध घडल्यास शिक्षा अवश्य करावी. परंतु ती कोणत्या दिवशीं संपली, हेंही त्याला आपल्या तोंडानें सांगावें. आम्हीं तें सांगितलें नाहीं.