चार्जर बॅटरी पाहून घ्यावा, किंमत पाहून नव्हे



आजचा विषय वाचून काहीजणी म्हणतील, ताईंना हे काय सुचलं! पण मागच्या वर्षी लेकीकडे मेलबर्नला गेलो होतो तेव्हा जे घडलं, त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांच्या तर ते नक्कीच कामी येईल.

लेक-जावयांकडे कॅम्पर ट्रेलर आहे. गाडीमागे जोडून न्यायचा, मुक्कामी उघडला की तंबू होतो. बाजूला छोटा ओटा, गॅस आणि बारा व्होल्टवर चालणारा फ्रीज. दिवे, पाण्याचा पंप, फ्रीज, सगळा भार शंभर अँपिअर-अवरच्या दोन एजीएम बॅटऱ्यांवर. जानेवारीत, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांत चार दिवस राहायला गेलो. फ्रीजमध्ये दूध, दही आणि ह्यांच्या इन्सुलिनची न उघडलेली पेनं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर फ्रीज बंद. कधी बंद पडला कोण जाणे, आतलं सगळं कोमट झालेलं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरातलं पेन माझ्या पर्समध्ये होतं म्हणून त्या दिवसाचं भागलं. पण बाकीच्या पेनांवर भरवसा कसा ठेवायचा? सहल तशीच सोडून आम्ही मेलबर्नला परतलो. तिथे डॉक्टरांना गाठून नवीन औषध मिळेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

जावई बिचारे पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आई, मी आदल्या रात्री फुल चार्ज केली होती. मीटरवर १२.८ दाखवत होतं." ते खोटं नव्हतं. पण चार्जर काढल्या काढल्या मोजलं की आकडा फुगलेलाच दिसतो. बॅटरीला काही तास तसंच राहू द्यायचं आणि मग मोजायचं. तेव्हा १२.६-१२.७ आलं तर भरलेली, १२.४ आलं तर चार्जिंगला लावायची वेळ झाली, आणि १२ वर आलं तर उशीर होतोय असं समजायचं.

खरा घोटाळा मात्र आदल्या रात्रीचा नव्हताच. ट्रेलर सगळा हिवाळा गॅरेजमध्ये उभा होता. बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते. त्यात गॅस गळती सांगणारं यंत्र, रेडिओचं घड्याळ अशा बारीकसारीक वस्तू थोडी थोडी वीज पीत राहतात. लेड-ॲसिड जातीची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. एजीएम त्याच जातीची. मग कितीही चार्ज करा, ती भरल्यासारखी दिसते पण आत साठा कमीच राहतो. तळाशी गाळ साचलेल्या टाकीत पाणी काठापर्यंत दिसावं तसं.

नवीन बॅटऱ्या आल्या आणि घरात चर्चा सुरू झाली, चार्जर कोणता? जावयांना मोठा हवा होता, चार तासांत काम उरकणारा. लेक म्हणाली, सोलर पॅनेल आहे की. मी म्हटलं, पॅनेल सहलीत चांगलं, पण गॅरेजमध्ये ऊन कुठून आणणार?

माझं मत असं आहे. किती लवकर भरतो हा प्रश्न दुसरा. बॅटरी भरल्यावर चार्जर काय करतो, हा पहिला. जुना साधा चार्जर भरल्यानंतरही ढकलत राहतो. एजीएम बंद असते, आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखं तिच्यात वरून डिस्टिल्ड वॉटर घालता येत नाही. एकदा वाफेवाटे गेलं ते गेलं. चांगला चार्जर टप्प्याटप्प्याने काम करतो. आधी जोरात भरतो, मग साधारण १४.४ ते १४.७ व्होल्टवर धरून हळूहळू पूर्ण करतो, आणि शेवटी १३.५-१३.८ च्या आसपास उतरून नुसती राखण करतो. या शेवटच्या टप्प्याला फ्लोट म्हणतात. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या ट्रेलरला गरज आहे ती याची.

दुसरी गोष्ट, चार्जरवर आपल्या बॅटरीच्या जातीची निवड हवी. एजीएम, जेल, पाण्याची आणि लिथियम यांची गणितं वेगळी. सल्फेट काढण्यासाठीचा जास्त व्होल्टेजचा प्रकार लिथियमला चालत नाही. लिथियमला सतत फ्लोटवर ठेवायचीही गरज नसते, पडून राहायची असेल तर ती साधारण अर्धी भरलेली बरी. म्हणून पुढे लिथियम घ्यायचा विचार असेल तर दोन्ही निवडी असलेला चार्जर आजच घ्यावा.

तिसरं, आकार. लेड-ॲसिडसाठी क्षमतेच्या दहा ते वीस टक्के अँपिअर हा सरळ हिशेब. दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या की दोनशे अँपिअर-अवर, म्हणजे वीस अँपिअरचा पुरे. फक्त राखणच करायची तर त्याहून लहानही चालतो.

चौथं कुणी विचारत नाही ते. वीज जाऊन परत आली की चार्जर आधीच्याच निवडीवर सुरू होतो का? काही होतात, काहींना पुन्हा बटण दाबावं लागतं. आणि उन्हाळ्यात गॅरेज तापतं, तेव्हा तापमान पाहून व्होल्टेज कमी करणारा असेल तर उत्तम.

कुणी म्हणेल, कायम प्लगमध्ये ठेवायचं म्हणजे वीज जाते, धोकाही असतो. फ्लोटवर वीज अगदी थोडी लागते. धोक्याचं म्हणाल तर चार्जर मोकळ्या हवेत ठेवावा, बॅटरीजवळ फ्यूज असावा, आणि २३० व्होल्टचं कायमचं वायरिंग तिथे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं, तसा नियमच आहे. "लावला आणि विसरलो" हे मात्र मलाही मान्य नाही. महिन्यातून एकदा जाऊन बघायचंच.

बी.कॉम.ला आम्हाला घसारा शिकवला होता. वस्तू वापरली नाही तरी तिची किंमत कमी होत जाते. देखभालीवर थोडा खर्च केला तर घसारा लांबतो. आमचा वीस अँपिअरचा चार्जर दोन नव्या बॅटऱ्यांच्या निम्म्या किमतीत आला. तो आधीच घेतला असता तर बॅटऱ्याही वाचल्या असत्या आणि त्या दिवसाची धावपळही.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जावई मीटरचा फोटो पाठवतात. परवाचा आकडा १२.७ होता. आणि हो, ह्यांच्या इन्सुलिनसाठी मी वेगळी थंड पिशवी शिवून घेतली आहे. चार्जर कितीही चांगला असला तरी औषध एकट्या फ्रीजच्या भरवशावर ठेवायचं नाही, हेही त्याच सहलीत शिकले.