बुडालेली गाडी आणि आपण

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; आपल्या इंदूरला साधारण वर्षभरात पडतो तेवढा. बंद मोटारींत गुदमरून काही जण दगावले. माझा एक वर्गमित्र त्या संध्याकाळी कुर्ल्याजवळ मिठी नदीच्या पाण्यात अडकला. विजेवर चालणारी काच बंद पडण्यापूर्वी खाली करून तो बाहेर पडला आणि छातीभर पाण्यातून पहाटे घरी पोहोचला.

दोन दिवसांनी फोन लागला तेव्हा मी म्हणालो, "अरे, जीव वाचला ना? गाडी काय, पुन्हा घेता येईल." तो क्षणभर गप्प राहिला. "हो, बरोबर आहे," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. पुढे कित्येक महिने त्याने मला आपणहून फोन केला नाही.

माझे वाक्य खोटे नव्हते, निरुपयोगी होते. मित्र भूलतज्ज्ञ. स्वतःचे रुग्णालय नाही. चार नर्सिंग होममध्ये बोलावणे येईल तसा जाणारा. डिकीत लॅरिंगोस्कोप, लहान मुलांच्या मापाचे मास्क, वर्षानुवर्षे जमवलेली सामग्री. रात्री दोनच्या सिझेरियनला असा माणूस दोनदा पोहोचला नाही, की तिसरे बोलावणे दुसऱ्याला जाते. हप्ते मात्र बुडालेल्या गाडीचेही चालूच राहतात. मी ज्याला वस्तू म्हणत होतो, तो त्याचा व्यवसाय होता.

त्याला सावरले ते शेजारच्या एका अबोल सर्जनने. त्याने सांत्वन केलेच नाही. आपल्या दुसऱ्या गाडीची किल्ली टेबलावर ठेवून "दिवाळीपर्यंत तुझ्याकडे" एवढेच म्हणाला. मुदत सांगितली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. बिनमुदतीच्या उपकाराखाली माणूस रोज थोडा वाकतो. विम्याच्या कचेरीतही तो शेजारी बसून राहिला. रात्री पाण्यात काढलेल्या माणसाला अर्जातले रकाने दिसत नाहीत, याची त्याला जाण असावी.

आपल्या समाजात मृत्यू झाला, रक्त हवे असले, तर अर्ध्या तासात वीस माणसे उभी राहतात. वस्तू गेली की मात्र आपण तत्त्वज्ञान सांगू लागतो. हे बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०२० च्या ऑगस्टमध्ये इंदूरच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा एका तरुण सहकाऱ्याची गाडी बोनेटपर्यंत बुडाली. पाणी ओसरताच तो किल्ली फिरवून पाहणार होता. मी हात धरला. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनासाठी वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर विमा कंपनी तो खर्च बहुधा नाकारते. प्रथम छायाचित्रे, मग कंपनीला लेखी कळवणे, मग गाडी ओढून नेणे. घाण पाण्यातून चालल्यामुळे लेप्टोस्पायरोसिसचा विचार करून डॉक्सिसायक्लिनही द्यावे लागले. घरच्या माणसाच्या बाबतीत आपण डॉक्टर नेमके हेच विसरतो. माझी जुनी गाडी त्याच्याकडे दसऱ्यापर्यंत राहिली.

२९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईच्या पावसात डॉ. दीपक अमरापूरकर अडकलेली गाडी सोडून पायी निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. त्यांचा मृतदेह वरळीला सापडल्याची बातमी आली, त्या रात्री बारा वर्षांनी माझा मित्र त्या पावसाबद्दल प्रथमच माझ्याशी बोलला. "मीही असाच चाललो होतो रे," म्हणाला. या वेळी मी फक्त ऐकले.

तो इंदूरला येतो, तेव्हा पावसात माझ्या गाडीची काच चार बोटे खाली ठेवतो. बाही भिजते, सीटही भिजते. वर घे, असे मी आता म्हणत नाही.