लिलावातील जुनी दुर्बीण आणि विक्रेत्याचे मौन

आकाशातील तारे पाहण्यासाठी स्वस्तात चांगली दुर्बीण हवी असेल, तर ती नव्या मालाच्या दुकानात न शोधता परदेशातील ऑनलाइन लिलावात जुनी शोधावी, असा सल्ला हौशी मंडळी एकमेकांना देत असतात. सल्ला खोटा नाही, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या कामाचा आहे, म्हणून या पानावर त्याची चर्चा करीत आहोत.

प्रथम वस्तू समजून घेऊ. दोन डोळ्यांच्या दुर्बिणीवर ७ × ५०, १० × ५० असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. रात्रीच्या कामाला दुसरा आकडा महत्त्वाचा. ५० चे भिंग ३० च्या भिंगापेक्षा पावणेतीन पटीहून अधिक उजेड गोळा करते. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी निघते. ७ × ५० ची सुमारे ७ मिलिमीटर, १० × ५० ची ५. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर बहुतेकांची ५ च्या आसपास. म्हणजे वयस्क गिऱ्हाइकाला ७ × ५० विकली तर तिचा निम्मा उजेड बाहुलीबाहेर वाया जातो. त्याला १० × ५० द्यावी आणि भिंतीला कोपर टेकवून पाहायला सांगावे, कारण १० पटीत हाताचा कंपही १० पट दिसतो. अशा दुर्बिणीतून चंद्रावरची विवरे, गुरूचे चंद्र, कृत्तिकांचा पुंजका, मृगाच्या पट्ट्याखालचा तेजोमेघ आणि अंधाऱ्या रात्री देवयानी दीर्घिका दिसते. शनीचे कडे मात्र १० पटीत वेगळे दिसत नाही, आणि ते दिसते असे सांगून कोणी विकत असेल तर तो गिऱ्हाइकाला फसवीत आहे.

आता लिलाव. कॅलिफोर्नियात पिएर ओमिड्यार यांनी १९९५ साली सुरू केलेली ईबे ही या धंद्यातील सर्वांत परिचित पेढी. तिची भारतीय शाखा २०१८ मध्ये बंद झाली. त्यामुळे आज इथल्या माणसाला अमेरिकेच्या किंवा ब्रिटनच्या बाजारात बोली लावावी लागते, तीही विक्रेता भारतात माल पाठवीत असेल तरच. बोलीची रीत आपल्या तोंडी लिलावापेक्षा निराळी आहे. आपण आपली कमाल किंमत आधीच गुपचूप लिहून ठेवायची. समजा आपण ६० डॉलर लिहिले आणि दुसऱ्या बोलीदाराची कमाल ३५ असली, तर माल आपल्याला ३६ ला पडतो, ६० ला नव्हे. म्हणून जाणकार लोक शेवटच्या काही सेकंदांत एकदाच खरी कमाल किंमत टाकतात. आधीपासून एकेक डॉलरने चढाओढ केली की समोरच्याला ईर्ष्या येते आणि भाव विनाकारण वर जातो. आधी संपलेल्या लिलावांत तोच माल प्रत्यक्ष किती रुपयांना गेला, हेही तिथे पाहता येते. ते न पाहता बोली लावणे म्हणजे बाजारभाव न विचारता गाडीभर माल उचलणे होय.

मग तिथे माल स्वस्त का सापडतो? एक तर विकणाऱ्याने इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर चुकवलेले असते, त्यामुळे शोधणाऱ्यांना तो दिसतच नाही. दुसरे कारण नावाचे. १९५० ते १९८० च्या काळात जपानच्या असंख्य लहानमोठ्या कारखान्यांनी अमेरिकी दुकानदारांसाठी दुर्बिणी केल्या. एकाच कारखान्याचा माल टास्को, जेसन, सिअर्स अशा वेगवेगळ्या नावांनी खपला. त्यांपैकी बऱ्याच दुर्बिणींच्या अंगावर ‘जेबी’ किंवा ‘जेई’ अक्षरे व पुढे क्रमांक असतो, ती कारखान्याची खूण. ज्याला ही खूण वाचता येते तो झाकणावरच्या नावाला पैसे मोजत नाही. सोव्हिएत काळातील कझान व झागोर्स्क येथील दुर्बिणींचेही तसेच. दिसायला ओबडधोबड, दृश्याला किंचित पिवळी झाक, पण अंगाने दणकट आणि चंद्र पाहायला उत्तम.

तथापि सर्वांत मोठे कारण विक्रेत्याचे मौन हे आहे. शेकडो जाहिरातींत एकच वाक्य असते, की तपासलेले नाही, आहे तसे घ्यावे. यातले काही विक्रेते खरोखरच अजाण असतात. मयताच्या घरचे सामान काढलेले, आत काय आहे त्यांना ठाऊक नाही. काहींना मात्र पुरते ठाऊक असते. बाहेर विजेच्या खांबाकडे पाहून एक मिनिटात तपासता येणारी वस्तू ‘तपासलेली नाही’ असे लिहिणे म्हणजे ऐब झाकणे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्याच माणसाकडून खोटी बोली लावून भाव चढवण्याचा प्रकारही ऑनलाइन लिलावात चालतो. त्याला ईबेच्या नियमांत बंदी आहे, आणि आमच्या वाचकांना तर हा प्रकार ‘नजश’ या नावाने हदीसमधून पूर्वीपासूनच परिचित आहे. बाजार नवा असला तरी लबाडी जुनीच आहे.

म्हणून घेणाऱ्याने बोलीपूर्वी विक्रेत्याला नेमके विचारावे. दूरच्या दिव्याकडे पाहिल्यावर दिवा एक दिसतो की दोन? पुढच्या बाजूने बॅटरीचा उजेड टाकल्यास आत धुके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का? मधला स्क्रू फिरतो का? दुर्बीण उजेडाकडे धरून हातभर अंतरावरून पाहिल्यास डोळ्याकडच्या भिंगातील उजेडाचा ठिपका गोल आहे की कडेला चौकोनी कापल्यासारखा? गोल ठिपका हा चांगल्या काचेच्या लोलकाचे लक्षण. उत्तर टाळणाऱ्या विक्रेत्याचा माल सोडून द्यावा. लाल चकचकीत भिंगाच्या, पट कमीजास्त करता येणाऱ्या आणि अंगावर अशक्य आकडे छापलेल्या नव्या दुर्बिणी तर भेट म्हणूनही घेऊ नयेत.

आता दुरुस्तीविषयी, कारण खरी कमाई इथे आहे. जुन्या दुर्बिणीचे बहुतेक दोष तीन प्रकारचे असतात. आतले ग्रीस उडून भिंगावर बसलेले धुके हा सर्वांत सोपा. उघडून शुद्ध अल्कोहोलने पुसले की जाते. बुरशी कोवळी असेल तर निघते, पण तिने काच खाल्ली असेल तर डाग कायमचा. आमच्या कोकणच्या दमट हवेत हे फार होते, म्हणून दुर्बीण चामड्याच्या पेटीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी. तिसरा दोष म्हणजे दोन्ही नळ्यांची नजर एका ठिकाणी न लागणे. दुर्बीण एकदा जमिनीवर पडली की आतला लोलक केसभर सरकतो, एका ताऱ्याचे दोन तारे होतात आणि पाच मिनिटांत डोके दुखू लागते. अनेक दुर्बिणींत कातड्याच्या आवरणाखाली बारीक स्क्रू असतात, ते फिरवून लोलक जागी आणता येतो. काहींत पुढच्या भिंगाभोवतीच्या कड्या फिरवाव्या लागतात. लोलक काढण्यापूर्वी पेन्सिलीने खूण करावी, नाहीतर तो पुन्हा तसाच बसत नाही. नुसत्या स्क्रूने जुळवलेली नजर बिजागरी हलवली की पुन्हा बिघडू शकते, हेही गिऱ्हाइकाला सांगावे. पुढच्या भिंगातील दोन काचांचा जोड सुटला असेल तर मात्र हात लावू नये. त्या खर्चात दुसरी दुर्बीण येते.

हे काम घड्याळ व कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या हातचे आहे. हत्यारे त्याच्याकडे आहेत, नजर आहे, आणि मोबाइलने त्याचा जुना धंदा बराचसा खाल्ला आहे. त्याने बिघडलेली एखादी दुर्बीण कमी भावात घेऊन त्यावर हात बसवावा.

व्यापाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परदेशातून वापरलेल्या दुर्बिणींची खेप मागवून विकणे सरळ नाही. यंत्रसामग्री सोडून इतर जुन्या मालाच्या आयातीला आपल्या परकीय व्यापार धोरणात परवाना लागतो. स्वतःसाठी एखादी मागवली तरी टपालखर्च व सीमाशुल्क धरून हिशेब करावा. पुष्कळदा बोलीपेक्षा भाडे जास्त भरते. तेव्हा धंदा करायचा तर जो माल आधीच देशात आहे त्याचा करावा. मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, जुन्या घरांतून व भंगारातून असा माल येतच असतो. तो पुसून, नजर जुळवून, सोबत एक चिठ्ठी लावून विकावा. चिठ्ठीत पट व व्यास, एक दिवा एकच दिसतो की नाही, बुरशी होती का, काय दुरुस्त केले आणि काय राहिले, एवढे लिहावे. शाबानच्या शेवटी हिलाल पाहण्यासाठी दुर्बीण नेणारे गिऱ्हाईकही येईल. त्याच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत आणखी एक ओळ असावी: सूर्य पूर्ण मावळेपर्यंत दुर्बीण पश्चिमेकडे धरू नये, डोळा कायमचा जातो.