दमणसमोरची वाळू थोडी दमणलाही द्या

मा. प्रशासक,
दादरा आणि नगर हवेली व दमण आणि दीव
यांस,



सिल्वासाला समुद्र नाही, तरी हे पत्र समुद्रकिनाऱ्याच्या वाळूबद्दल आहे. सह्याद्रीतून निघालेली दमणगंगा ती वाळू आमच्या दारावरून दमणला नेत असे. आता भरड वाळू मधुबन धरणात बसते आणि खाली जातो तो बराचसा बारीक गाळ. यात धरणाला दोष नाही. दमण-वापीची तहान त्याच पाण्यावर भागते. किनारा झिजण्याचं हे एकमेव कारण आहे, असंही मी म्हणणार नाही. पण झीज खरी आहे. राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातली किनारारेषा तपासली, तेव्हा दमण-दीवच्या किनाऱ्याचा ३४.६ टक्के भाग झिजताना आढळला. महाराष्ट्रात हेच प्रमाण २५.५ टक्के होतं.

आता महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर होऊ घातलेल्या वाढवण बंदराकडे वळतो. त्या बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव होणार आहे. त्याला लागणारी सुमारे २० कोटी घनमीटर वाळू दमणसमोरच्या समुद्रतळातून उपसण्याची योजना आहे. म्हणजे वाळू दमणसमोरची, ड्रेजर दमणसमोर, आणि दमणच्याच जामपोर किनाऱ्याच्या वाट्याला काहीच नाही! या उपशातला अगदी छोटा हिस्सा आपल्या किनाऱ्यांसाठी मागून घ्या. ड्रेजर परतल्यावर मागणं म्हणजे वरातीमागून घोडं.

ही कल्पना नवी नाही. विशाखापट्टणमच्या बंदरातून उपसलेली वाळू वर्षानुवर्षं तिथल्या रामकृष्ण किनाऱ्यावर टाकली जाते. नेदरलँड्सने २०११ मध्ये दोन कोटी घनमीटरहून अधिक वाळू एकाच जागी ओतली आणि ती पसरवण्याचं काम लाटांवर सोपवलं. दोन्हीकडे एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: टाकलेली वाळू वाहून जाणारच, पुन्हा टाकावी लागणार. त्यापेक्षा ठेकेदाराला किनाऱ्यावर भिंत बांधणं सोपं, कारण तिचं उद्घाटन करता येतं. दमणच्या देवका किनाऱ्यावरचा ५.४५ किलोमीटरचा सागरी रस्ता देखणा आहे, संध्याकाळी आम्हीही तिथे जातो. पण भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते.

मात्र मिळेल ती वाळू ओतू नका. जामपोरची वाळू मुठीत घेऊन पाहा: काळपट, बारीक, ओहोटीला पाय रुतेल इतकी चिखलमिश्रित. त्याहून बारीक माल टाकला तर पहिल्याच उधाणात तो पाण्यात मिसळेल आणि मच्छीमारांच्या जाळ्यात गाळ येईल. खाडीच्या मुखातला गाळ तर या कामाचा नाहीच. आधी कणांचा आकार आणि त्यातली रसायनं तपासा. नदी वापीच्या कारखान्यांजवळून येते, हे विसरून चालणार नाही. वाळू कुठे आणि कधी टाकायची, हे मोटी आणि नानी दमणच्या मच्छीमारांना विचारून ठरवा.

सुरुवात जामपोरच्या एखाद्या किलोमीटरपासून करा. वाळू टाकण्याआधी आणि पुढे दर पावसाळ्याच्या आधी-नंतर किनारा मोजा, आणि ते आकडे गुजराती, हिंदी व मराठीत जाहीर करा.

आपला,
सिल्वासातील एक रहिवासी