जागेचा मोबदला मालकाला, धंद्याचा कोणाला?



चंद्रपूरहून गडचिरोलीला जाणारा रस्ता मूलमधून जातो. आज तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९३० आहे. असा रस्ता रुंद करायचे ठरले की मोजणी होते, भिंतींवर खुणा पडतात आणि घरोघरी एकच चर्चा सुरू होते, जागेला भाव किती मिळणार? ज्याची जागा, त्याचा प्रश्न रास्त आहे. पण त्याच जागेत भाड्याने शिलाई मशीन टाकून बसलेल्या बाईचे काय? सायकल दुरुस्तीवाल्याचे काय? मालक धनादेश घेऊन मोकळा होतो. भाडेकरू मात्र ‘आपली कुठे जागा आहे’ असे म्हणत मुकाट्याने सामान उचलतो. आपली माणसे नेमकी इथे नुकसानीत जातात.

कायदा धंद्याला विसरलेला नाही. इंग्रजांच्या काळातल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यातही कलम २३ मध्ये लिहिले होते की, संपादनामुळे राहण्याची किंवा धंद्याची जागा बदलावी लागली तर त्यापायी होणारा वाजवी खर्च मोबदल्यात धरावा. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यात कलम ३-जी मध्ये हीच तरतूद आहे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने कलम २८ मध्ये ती कायम ठेवली. कमाईला झळ पोचली तर तीही त्यात मोजायची आहे. यंत्र खोलणे, वाहून नेणे, नव्या जागी बसवणे, वीजजोडणी घेणे, हा सगळा खर्च मागता येतो. पण मागितला तरच विचारात येतो.

नव्या कायद्याने आणखी एक मोठी गोष्ट केली. ‘बाधित कुटुंब’ म्हणजे फक्त सातबारावाला नव्हे. संपादनापूर्वी तीन वर्षे ज्याची मुख्य उपजीविका त्या जागेवर होती आणि ती संपादनामुळे बुडते, असे भूमिहीन कुटुंबही त्यात येते. भाडेकरू, कारागीर, छोटा दुकानदार सगळे आले. शहरी भागालाही हे लागू आहे, म्हणजे मूलसारख्या नगर परिषदेच्या गावालाही. संपादनामुळे हलावे लागलेल्या कारागिराला, लहान व्यापाऱ्याला किंवा स्वतःचा धंदा करणाऱ्याला एकदाच किमान २५,००० रुपये, आणि छोटे दुकान असेल तर ते नव्याने उभारायला आणखी किमान २५,००० रुपये, असे दुसऱ्या अनुसूचीत आहे. महामार्गाच्या भूसंपादनालाही १ जानेवारी २०१५ पासून ही अनुसूची लागू झाली. आजच्या महागाईत एवढ्या पैशात पत्र्याचे दुकानही धड उभे राहत नाही, ही गोष्ट वेगळी. ‘किमान’ हा शब्द मात्र ध्यानात असू द्या.

आता सरकारी जागेवरचा ठेला. तिथे संपादन नसते, म्हणून वरचा मोबदलाही नसतो. त्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. विक्रीचा दाखला असेल तर त्यात नमूद केलेल्या जागेवरून ३० दिवसांची नोटीस दिल्याशिवाय ठेला हटवता येत नाही. माल जप्त केला तर त्याची यादी करून प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल कामाच्या दोन दिवसांत परत करायचा असतो. टमाट्याची टोपली तिसऱ्या दिवशी मिळून उपयोग काय? हा कायदा शहरांपुरता आहे, ग्रामपंचायतीच्या गावात तो चालत नाही.

नोंदीला किती किंमत असते ते १९८५ सालच्या मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात दिसले. हा खटला ओल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखला जातो. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, पण फुटपाथ रिकामे करायलाही परवानगी दिली. पर्यायी जागा द्यायला सांगितली ती १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद होती त्यांना. एकाच फुटपाथवरची माणसे, पण कागदाने वेगळी झाली.

म्हणून भाड्याची पावती घ्या. मालक देत नसेल तर भाडे बँकेतून द्या. गुमास्त्याची नोंद, वीजबिल, माल घेतल्याची बिले, नगर परिषदेची बाजारपावती, पथविक्रेता कर्जाचे कागद, हे सगळे एका पिशवीत ठेवा. रोजचा गल्ला वहीत लिहा. शाळेत जाणारी पोर घरात असेल तर हे काम तिला द्या, तिचे अक्षर आपल्यापेक्षा बरे असते. तीन वर्षांची वही हाती असली की कमाई बुडाली हे नुसते तोंडाने सांगावे लागत नाही.

महामार्गासाठी राजपत्रात पहिली अधिसूचना निघाली की हरकतीला २१ दिवस मिळतात. पुढे मोबदल्याचे दावे मागवणारी जाहीर सूचना दोन वर्तमानपत्रांत येते, त्यातले एक स्थानिक भाषेतले असते. ती सूचना मालकाच्या घरी येईल या भरवशावर राहू नका. दावा लेखी द्या, खर्चाची एकेक बाब रुपयांत लिहा, पोच घ्या. मोबदला कमी वाटला तर लवादाकडे अर्ज करता येतो. आणि दुकान घरच्या बाईच्या कष्टावर चालत असेल, तर दाव्यावर नावही तिचेच टाका.